विद्यापीठाचं स्वातंत्र्य कुणाच्या मालकीचं?

विद्यापीठीय स्वातंत्र्य धोक्यात आलं अशी ओरड गेली काही वर्षं चालू आहे. इंग्रजी पेपरांतून लेख येतात, निवेदनांवर सह्या होतात, परिसंवाद झडतात. आपल्या कार्यकर्त्यांत मात्र या ओरडीबद्दल एक थंडपणा आहे. खराडीच्या आमच्या अभ्यासवर्गात हा विषय निघाला तेव्हा एका पोरानं सरळच विचारलं, "काका, हे प्रोफेसर लोकांचं भांडण. माझा बाप नगर रोडच्या सोसायटीत वॉचमन, आई आयटी पार्कात फरशा पुसते. विद्यापीठात कुणाला बोलू दिलं आणि कुणाला नाही, याचं आपल्याला काय देणंघेणं?"

प्रश्न उद्धट नाही. रास्त आहे. त्याला उपदेश पाजून भागणार नाही, उत्तर दिलं पाहिजे. म्हणून हा लेख.

पहिल्यांदा त्या पोराची बाजू मांडतो, कारण ती आपल्या सगळ्यांच्या पोटात आहे.

या देशातल्या विद्यापीठांनी 'स्वातंत्र्य' हा शब्द वापरला तेव्हा त्यात आपण धरलेलो नव्हतो. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं. सरकारी तिजोरीत पैसा शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या घामाचा, आणि त्यावर शिकतात वरच्या जातींची पोरं, हे त्यांनी साहेबाला तोंडावर सांगितलं. १९१८ साली बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले. कोलंबियात शिकून आलेला माणूस! पण स्टाफरूममधल्या माठातलं पाणी त्यांनी प्यायला काही सहकारी प्रोफेसरांची हरकत होती. अर्थशास्त्र शिकवायला मोकळीक, पाणी प्यायला बंदी. असलं हे स्वातंत्र्य.

पुढं या. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना जीवे मारलं. एका पाटीसाठी सोळा वर्षं लढावं लागलं. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं, तेव्हा कुठं १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. तोही नामांतर नव्हे, नामविस्तार! त्या सोळा वर्षांत मराठवाड्याची अस्मिता सांगणारे पुष्कळ भेटले. विचारस्वातंत्र्यावर एरवी तास तास बोलणारे किती जण आपल्या जळालेल्या घरांपाशी येऊन उभे राहिले, ते बोटांवर मोजता येईल.

आणि ही जुनी गोष्ट झाली असं समजू नका. २०१७ साली पुणे विद्यापीठानं एका सुवर्णपदकाचं पत्रक काढलं. अट काय, तर विद्यार्थी शाकाहारी आणि निर्व्यसनी पाहिजे. ज्या विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाईंचं नाव दिलं, त्या विद्यापीठात ताटात काय आहे ते बघून पदक! ओरड झाल्यावर पत्रक मागं घेतलं, ही गोष्ट वेगळी. पण काढताना कुणाचा हात अडखळला नाही.

तर मग त्या पोराचं बरोबरच नव्हे का? आम्हाला दारातच अडवणाऱ्यांच्या घराला आज आग लागली, तर बादल्या घेऊन आम्ही का धावायचं?

याचं उत्तर असं, की ते घर त्यांचं नाही. आपणही ते बांधलंय, आणि आपल्या बांधकामाचा हिशोब जास्त महागाचा आहे.

१९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणाला बोलावलं. भाषण वाचल्यावर मंडळाला घाम फुटला. एवढं गाळा, तेवढं सौम्य करा, असा आग्रह सुरू झाला. बाबासाहेबांनी गाळायचं साफ नाकारलं. सभाच रद्द झाली. त्यांनी भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं, १५०० प्रती. आपण 'जातिसंस्थेचे निर्मूलन' म्हणून जे डोक्यावर घेतो ते पुस्तक असं जन्माला आलं, न होऊ दिलेल्या भाषणातून. माझ्या मते विद्यापीठीय स्वातंत्र्याचा याहून मोठा धडा कुठल्याच विद्यापीठानं दिलेला नाही. बोलावणाऱ्याच्या सोयीनं सत्य कापायचं नाही, आणि व्यासपीठ गेलं तरी चालेल, ही ती कसोटी.

दुसरी गोष्ट १९८७ ची. महाराष्ट्र सरकारनं बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला. त्यातल्या राम-कृष्णावरच्या प्रकरणावरून गदारोळ झाला. भावना दुखावल्या म्हणे. सरकार ते प्रकरण वगळायला निघालं. १९८८ च्या सुरुवातीला आपली माणसं लाखांनी मुंबईच्या रस्त्यावर उतरली. शेवटी, सरकार या मतांशी सहमत नाही, अशी टीप घालून ते प्रकरण राहिलं. आता विचार करा. गिरणीतला कामगार, बांधकामावरची बाई, अंगठा उठवणारा म्हातारा, यांनी मोर्चा कशासाठी काढला? एका पुस्तकातलं एक प्रकरण छापलेलं राहावं म्हणून. त्यातल्या बहुतेकांनी ते इंग्रजी वाचलेलं नव्हतं, वाचताही येणार नव्हतं. पण दुसऱ्याच्या भावना दुखावतात म्हणून विचार छाटायचा नसतो, हे त्यांना कळलेलं होतं. हे तत्त्व आपण उष्टं घेतलेलं नाही. आपण ते रस्त्यावर कमावलंय.

आता आजची हालत बघू.

विद्यापीठाचा गळा दोन हात दाबतात. एक हात दिसतो, दुसरा दिसत नाही.

दिसणारा हात पोलिसाचा आणि झुंडीचा. नागपूर विद्यापीठाच्या इंग्रजी विभागप्रमुख शोमा सेन ६ जून २०१८ ला पकडल्या गेल्या. निवृत्तीला दोन महिनेही उरले नव्हते. सुप्रीम कोर्टातून जामीन मिळाला तो ५ एप्रिल २०२४ ला. जवळपास सहा वर्षं, आणि खटला उभा राहिलेला नाही. आनंद तेलतुंबडे गोव्यात प्राध्यापक होते. त्यांना आत जावं लागलं १४ एप्रिल २०२० ला. तारीख बघा! जामीन २०२२ च्या नोव्हेंबरात. २ फेब्रुवारी २०२४ ला पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात पोरांनी एक नाटक केलं. रामलीलेत काम करणाऱ्या नटांचं पडद्यामागचं बोलणं, असा विषय. नाटक बंद पाडलं, आणि दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थी अटकेत. नंतर केंद्रात घुसून तोडफोडही झाली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं २०२४ च्या एप्रिलमध्ये रामदास या दलित संशोधकाला दोन वर्षांसाठी निलंबित केलं. दिल्लीच्या मोर्चात गेला, एका माहितीपटाबद्दल लिहिलं, असले आरोप. २०२५ च्या मेमध्ये सुप्रीम कोर्टानं भोगली तेवढी शिक्षा पुरे म्हटलं, तेव्हा त्याची वाट मोकळी झाली. त्याआधी २०१५ साली मद्रास आयआयटीनं आंबेडकर-पेरियार अभ्यासमंडळाची मान्यता काढली, ओरड झाल्यावर परत दिली. त्याच वर्षी हैदराबादेत रोहित वेमुलाची फेलोशिप थांबली, वसतिगृहातून बाहेर काढलं, आणि १७ जानेवारी २०१६ ला काय झालं ते तुम्हाला सांगायला नको.

या यादीत आपली नावं किती, ते मोजा. मग म्हणा हे प्रोफेसर लोकांचं भांडण.

दुसरा हात पगाराचा. हा जास्त वाईट, कारण याचा एफआयआर होत नाही. आपल्या कॉलेजांत आज कितीतरी शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत. तास घेतला तर पैसे, सुट्टीत पैसे नाहीत, पुढच्या जूनला बोलावतील की नाही ते माहीत नाही. अशा माणसानं वर्गात मनुस्मृतीवर बोलावं आणि संस्थाचालकाची गैरमर्जी ओढवून घ्यावी, अशी अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करायची? त्याला कुणी धमकी देत नाही. गरजच नाही. तो स्वतःच जीभ आवरतो. टाटा संस्थेत २०२४ च्या जूनअखेरीस शंभरावर शिक्षक-कर्मचाऱ्यांना एकदम नारळ दिला गेला, पैसा आला तेव्हा तो निर्णय फिरवला. फिरवला खरा, पण धडा ज्याला मिळायचा त्याला मिळाला.

संशोधक पोरांची तीच गत. बार्टीच्या फेलोशिपसाठी आपल्या पोरापोरींना महिनोन्‌महिने आंदोलनं करावी लागली. २०२३ च्या नागपूर अधिवेशनात तेव्हाच्या एका उपमुख्यमंत्र्यांनी, पीएच.डी. करून ही पोरं काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला. जोतीरावांच्या महाराष्ट्रात! ज्याचं पोट फेलोशिपवर, तो विषयही पोटाकडं बघून निवडतो. गाइड सांगेल तो विषय, गाइड सांगेल ते निष्कर्ष.

एक उदाहरण देतो. खराडीतून नदीपलीकडं बघितलं की मुंढवा. २०२५ च्या नोव्हेंबरात तिथल्या चाळीसेक एकर महार वतनाच्या जमिनीच्या व्यवहारावरून महाराष्ट्र गाजला. महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल आणलं होतं. १९५८ च्या कायद्यानं ती वतनं खालसा झाली, जमिनी आपल्या माणसांच्या नावे व्हायच्या होत्या, आणि सरकारच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. मग पुणे शहराभोवतीच्या गावांतली, खराडी, मुंढवा, हडपसर, वाघोली, ही वतनं गेली कुठं? कुणाच्या सातबाऱ्यावर चढली? कुठल्या टॉवरखाली गेली? यावर दहा पीएच.डी. होतील. प्रत्येकाला फेरफार उताऱ्यांत, तलाठ्याच्या दप्तरात शिरावं लागेल आणि जिवंत माणसांची नावं लिहावी लागतील. हा विषय कुठला तासिकावाला गाइड मंजूर करील? कुठली संशोधन समिती हसत हसत सही करील? आता त्या वॉचमनच्या पोराला मी सांगतो, की विद्यापीठाच्या स्वातंत्र्याशी तुझं देणंघेणं हे. तुझ्या आज्याची जमीन कुठं गेली ते शोधायचा अधिकार म्हंजेच विद्यापीठाचं स्वातंत्र्य. ते नसेल तर तुझा बाप ज्या गेटवर उभा आहे, ते गेट कुणाच्या जमिनीवर आहे हे तुला कधीच कळणार नाही.

इथपर्यंत तुम्ही माझ्याशी सहमत व्हाल. आता अवघड भाग. टाळ्यांसाठी लिहीत असतो तर इथंच थांबलो असतो.

स्वातंत्र्य आपल्याविरुद्ध बोलणाऱ्यालाही द्यायचं का?

पुण्यातलीच उदाहरणं घेऊ. ५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. जेम्स लेन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकात संतापजनक मजकूर होता, म्हणून पोथ्या-पुस्तकं भिरकावली गेली. ज्ञानाची गोदामं पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या ताब्यात राहिली, याचा बहुजनांच्या मनातला राग खोटा नव्हता. पण कपाट फोडून ते ज्ञान बहुजनांच्या घरी आलं का? पुस्तकावरची बंदी हायकोर्टानं उठवली आणि २०१० साली सुप्रीम कोर्टानं ते कायम केलं. कपाटं मात्र फुटली ती फुटली.

मे २०१२ ची गोष्ट तर थेट आपली. अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकरचं १९४९ चं व्यंगचित्र होतं. गोगलगायीवर बाबासाहेब, मागं चाबूक घेऊन नेहरू. संसदेत गोंधळ झाला. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले. आणि दुसऱ्या दिवशी पँथर नाव लावणाऱ्या एका गटाच्या कार्यकर्त्यांनी पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या ऑफिसची मोडतोड केली.

या बाबतीत मला दोन गोष्टी वेगळ्या करायच्या आहेत. वर्गात चाळीस पोरांत आपलं एक पोर. ते चित्र उघडल्यावर बाकीचे फिदीफिदी हसले, तर त्या एका पोराच्या काळजाला काय होतं, हे ज्याला कधी 'कोट्यातला' म्हटलं गेलं नाही त्याला कळायचं नाही. म्हणून ते चित्र पाठ्यपुस्तकात असावं का, हा प्रश्न विचारणं पूर्ण न्याय्य होतं. पाठ्यपुस्तक सक्तीचं असतं, सरकारी असतं, त्यावर लोकांनी बोललंच पाहिजे. सुखदेव थोरातांच्या समितीनं पुढं ते काढावं म्हटलं, आणि त्याच समितीत एम. एस. एस. पांडियन यांनी विरोधी मत नोंदवलं. दोघेही बहुजनांच्या बाजूचे अभ्यासक, मतं उलटी. हे असं व्हायला पाहिजे. पण खुर्ची मोडली की प्रश्न संपतो आणि फक्त खुर्ची उरते. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्या एका पोराचं दुःख कुठंच नव्हतं, फुटकी काच होती.

आणि तिसरं उदाहरण, सगळ्यात जवळचं. दर १ जानेवारीला निळे झेंडे घेऊन माणसांचा लोंढा खराडीवरून नगर रोडनं पेरणे फाट्याकडं जातो. १९२७ साली बाबासाहेब त्या स्तंभाला मानवंदना द्यायला आले होते. २०१८ च्या १ जानेवारीला तिथं आपल्या माणसांवर दगड पडले. नेमकं दुसऱ्या दिवशी आनंद तेलतुंबड्यांचा एक लेख आला. १८१८ ची लढाई महार सैनिकांनी पेशवाईच्या जातिजुलमाविरुद्ध लढली हे इतिहासाच्या पुराव्याला धरून नाही, आणि अशा मिथकांतून जातीच्या ओळखी घट्टच होतात, असा त्याचा रोख. आपल्यातले पुष्कळ जण खवळले. जखमा ओल्या असताना असं लिहिलं म्हणून शिव्याशापही झाले. आणि याच तेलतुंबड्यांना पुढं याच भीमा-कोरेगावच्या प्रकरणात एकतीस महिने तुरुंगात बसावं लागलं.

यातला धडा बारकाईनं बघा. सरकारला तो लेखही नको होता आणि आपला मोर्चाही नको होता. त्याला प्रश्न विचारणारं डोकंच नको होतं. ते डोकं कालपर्यंत आपल्यालाही टोचत होतं, म्हणून त्याच्या अटकेला आपण 'बरं झालं' म्हटलं असतं, तर उद्या आपल्या मोर्च्याच्या अटकेला 'बरं झालं' म्हणणारे रांगेत उभेच आहेत. मला तो लेख पूर्ण पटत नाही. सैनिक काय विचार करून लढले हा एक प्रश्न, आणि शंभर वर्षांनी त्यांच्या नातवंडांनी त्या दगडावर आपल्या माणूसपणाची नोंद वाचली, हा दुसरा. दुसऱ्याला मिथक म्हणून झटकता येत नाही. पण हे मी लिहून सांगू शकतो. लिहून सांगता येतं ते दगडानं का सांगायचं?

यावर एक बळकट आक्षेप आहे. दुबळ्याचं स्वातंत्र्य आणि बलवानाचं स्वातंत्र्य एका तराजूत कसं घालता? बलवान बोलतो तेव्हा त्याच्या मागं सत्ता असते. आक्षेप खरा आहे. म्हणून रेघ कुठं ओढायची तेही सांगतो. विचार मांडणं वेगळं आणि माणसाचं तोंड बंद करणं वेगळं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत जात बघून मार्क कापणं, वॉर्डात पायल तडवीसारख्या डॉक्टर पोरीला छळणं, हॉस्टेलात रँक विचारून जात काढणं, ही मतं नव्हेत. ही कृत्यं आहेत. ती सामोरच्याला प्रश्नच विचारता येऊ नये म्हणून केलेली असतात. म्हणजे ती खुद्द विद्यापीठीय स्वातंत्र्याच्या विरुद्ध आहेत. त्यांना ॲट्रॉसिटीचा कायदा आहे, यूजीसीचे २०१२ चे समतेचे नियम आहेत, ते वापरा, दयामाया नको. पण आरक्षण चुकीचं आहे असं कुणी आकडे देऊन लिहिलं, तर आपणही आकडे काढायचे. बुद्धानं कालामांना परंपरेनं आलं म्हणून, गुरूनं सांगितलं म्हणून मानू नका असं सांगितलं. तो उपदेश काय फक्त बामणांच्या ग्रंथांना लागू होता?

आपण एरवी म्हणतो, आम्हाला विद्येपासून दूर ठेवलं. दूर ठेवलं म्हणजे काय केलं? वर्गाच्या बाहेर बसवलं, सवाल विचारू दिला नाही. हाच अन्याय. मग कुणाचाही सवाल दाबणं हे आपल्या हातून होता कामा नये, तो सवाल आपल्यालाच बोचणारा का असेना. ही दुसऱ्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. आपल्याजवळ सत्ता नाही, पैसा नाही, संस्था नाहीत. आहे तो प्रश्न. प्रश्नाचं राज्य गेलं तर सगळ्यात आधी आपण बुडतो.

तर करायचं काय? माझ्यापुरतं सांगतो, पटलं तर घ्या.

उद्या कुठल्या विद्यापीठात कुणाला विचारासाठी काढलं, तर त्याची जात आणि पक्ष विचारायच्या आधी गेटवर जा. मतभेदाचं पत्रक वेगळं काढा, पण गेटवर उभे राहा. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या कायम नेमणुकीची मागणी आपल्या प्रत्येक निवेदनात असू द्या. ती पगाराची मागणी दिसते, पण ती जिभेची मागणी आहे. फेलोशिप वेळेवर आणि पूर्ण मिळावी, हीसुद्धा. प्रत्येक वस्तीत अभ्यासवर्ग चालवा आणि त्यात आपल्याविरुद्धची पुस्तकंही वाचा. पीएच.डी. करणाऱ्यांनी वतनाच्या जमिनीसारखे विषय मागावेत. नाकारले तर नकार लेखी घ्यावा आणि तो आम्हाला पाठवावा, आम्ही छापू. आणि ज्या लेखानं डोकं तापेल, त्याला आठवड्यात चार पानी उत्तर लिहा. लाहोरनं सभा नाकारली तेव्हा बाबासाहेबांनी तेच केलं होतं.

जय भीम.